बाभूळ, हिवर, खैर की वेडी बाभूळ? पानाआधी काटा पाहावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या पायथ्याशी आपली थोडी मुरमाड पडीक जमीन आहे. तिच्यावर पाच-सहा प्रकारची काटेरी झाडे आपोआप वाढली आहेत आणि गावात त्या सगळ्यांना सरसकट बाभूळच म्हणतात. आपल्याला त्यांतली वेडी बाभूळ, म्हणजे अमेरिकेतून आलेली प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, मुळासकट काढायची आहे आणि गावरान बाभूळ व हिवर तेवढे राखायचे आहेत. पानांचे फोटो मोबाइलवरच्या अ‍ॅपला दाखवले की दर वेळी निराळे नाव येते, म्हणून पाने आणि फुले पाहून ही झाडे खात्रीने कशी ओळखावीत, असे आपण विचारले आहे.

वनस्पतिशास्त्र शिकवताना आणि मराठवाड्यातील माळराने पायाखाली घालताना हाच प्रश्न मला शेतकरी, विद्यार्थी आणि रोपवाटिका चालवणारे असे अनेक जण विचारत आले आहेत. माझ्या मते अडचण अ‍ॅपची नाही, पानाकडून ठेवलेल्या अपेक्षेची आहे. या सगळ्या झाडांचे पान एकाच ठेवणीचे असते. मुख्य दांडीवर जोडीजोडीने उपदांड्या आणि प्रत्येक उपदांडीवर पुन्हा जोडीजोडीने बारीक पर्णिका, ही रचना बाभळीत, हिवरात, खैरात, शमीत, सुबाभळीत आणि वेड्या बाभळीतही सारखीच आहे. त्यामुळे नुसत्या पानाच्या फोटोवरून माणसालाही खात्रीने सांगता येत नाही. मी आधी काटा पाहतो, मग फूल, मग शेंग आणि साल, आणि पानाकडे शेवटी येतो. तोवर संशय दोन नावांवर आलेला असतो आणि त्या दोहोंतून एकाची निवड करायला पान फार उपयोगी पडते.

काटा पाहायचा म्हणजे तो कुठून निघाला आहे ते पाहायचे. हाताच्या उंचीवरची एक कोवळी पण पूर्ण वाढलेली डहाळी धरावी आणि पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो त्या पेराकडे नीट पाहावे. गावरान बाभळीत देठाच्या दोन्ही बाजूंना एकेक सरळ, पांढरट, टोकाला गडद असा काटा असतो. हे काटे म्हणजे पानाच्या तळाशी असणारी उपपर्णेच होत, ती कठीण होऊन काटे बनलेली असतात. म्हणून ते नेहमी जोडीने आणि नेहमी पेरावरच येतात. हिवर, देवबाभूळ आणि मुरमाटी यांतही हाच प्रकार आहे. खैराची गोष्ट वेगळी आहे. त्याचेही काटे पेराजवळ जोडीने असतात, पण ते आखूड, खाली वळलेले आणि आकडेदार असतात. हात आत घालताना काही वाटत नाही, बाहेर काढताना मात्र बाही अडकते. पेराजवळ आकडेदार जोडकाटे आणि खूप बारीक पर्णिकांचे पान हे दोन्ही एकत्र दिसले, तर आपल्या भागात पहिला विचार खैराचाच करावा.

शमीचा काटा मात्र पेराशी बांधलेला नसतो. ज्या झाडाला आपल्याकडे सौंदडही म्हणतात आणि दसऱ्याला शिलंगणाच्या वेळी ज्याची पूजा होते, त्याच्या डहाळीवर बुडाशी रुंद असलेले लहान सरळ काटे दोन पेरांच्या मधल्या भागात एकेकटे विखुरलेले असतात. ही खूण मी मुद्दाम ठळकपणे सांगतो आहे, कारण वेडी बाभूळ काढण्याच्या मोहिमेत सर्वांत जास्त बळी शमीचा जातो. शमी आणि वेडी बाभूळ जवळच्या नात्यातल्या आहेत. दोघींच्या पानाला उपदांड्यांच्या एक ते तीनच जोड्या असतात आणि दोघींची फुले फिकट पिवळ्या लांबट तुऱ्यांत येतात. म्हणजे आपण विचारले तसे केवळ पान आणि फूल पाहून निर्णय घेतला, तर शतकभर जगणारी शमी वेडी बाभूळ समजून उपटली जाईल. वेड्या बाभळीचे काटे पेरावर, पानाच्या बगलेत, एकेकटे किंवा जोडीने असतात, आणि तिच्या हिरवट डहाळ्या पेरापेरावर दिशा बदलत नागमोडी वाढतात. शंका उरलीच तर शेंगेची वाट पाहावी. शमीची शेंग बारीक, लांब, गोलसर आणि लोंबती असते. राजस्थानात जिची भाजी करतात ती सांगरी म्हणजे हीच कोवळी शेंग. वेड्या बाभळीची शेंग जाड, चपटसर, किंचित वाकडी आणि पिकल्यावर पिवळट होते, आणि तिच्यातला गर गोड असतो.

आता फुलाविषयी. झाडावर आपल्याला जो पिवळा गेंद किंवा तुरा दिसतो, ते एक फूल नसून अनेक सूक्ष्म फुलांचा समूह असतो. प्रत्येक फुलाच्या पाकळ्या इतक्या लहान असतात की नजरेत भरतात ते फक्त पुंकेसर. म्हणून पहिला प्रश्न असा की समूहाचा आकार गोल आहे की लांबट. गावरान बाभूळ, हिवर, देवबाभूळ, मुरमाटी आणि सुबाभूळ यांत गोल गेंद येतात. खैर, शमी आणि वेडी बाभूळ यांत लांबट तुरे येतात. एवढ्यानेच निम्मे काम होते. दुसरा प्रश्न भिंगाशिवाय सुटत नाही, पण त्याचे उत्तर फार खात्रीचे असते. गेंदातून किंवा तुऱ्यातून एक फूल सुईने अलगद सुटे करावे, पांढऱ्या कागदावर ठेवावे आणि पुंकेसर मोजावेत. बाभूळ, हिवर आणि खैर यांच्या एका फुलात पुंकेसर मोजता मोजता आपण कंटाळतो इतके असतात आणि ते एकमेकांपासून सुटे असतात. वेडी बाभूळ, शमी आणि सुबाभूळ यांच्या एका फुलात ते नेमके दहा असतात. शाळेतल्या साध्या भिंगाने आठवी-नववीची मुलेही ही मोजणी करू शकतात. ज्या झाडाविषयी गावात वाद आहे, त्याच्या बाबतीत मी हीच परीक्षा अखेरची मानतो.

आपण वर्णन केलेल्या झाडांपैकी एकाची साल पांढरट-पिवळसर आहे आणि त्याच्या फांद्यांच्या टोकांना भाद्रपदाच्या सुमारास फिकट फुलांचे मोठे घोस येतात, असे आपण लिहिले आहे. ते झाड हिवर आहे असे मी बऱ्याच विश्वासाने म्हणतो. हिवराचे गेंद लहान आणि मलईच्या रंगाचे असतात, आणि ते पानांच्या बगलेत एकेकटे न येता फांदीच्या शेंड्याला मोठ्या फांदीदार घोसात येतात. पावसाळा सरता सरता अख्खे झाड वरून फिकट पिवळे दिसते आणि अर्धा मैलावरूनही ओळखू येते. गावरान बाभळीचे गेंद याउलट गडद पिवळे, सुवासिक आणि पानांच्या बगलेत दोन-चारांच्या झुबक्याने येतात. तिची फुले पावसाळ्यात सुरू होतात आणि पुढे बराच काळ येत राहतात. साल पाहिली तर बाभळीचे खोड काळपट आणि खोल उभ्या भेगांचे असते, तर हिवराचे खोड व जाड फांद्या फिकट असतात. तरी सालीवर एकटीवर विसंबू नये, कारण जुन्या हिवराचा बुंधा खाली खडबडीत आणि काळसर होतो. अशा वेळी वरच्या फांद्यांकडे पाहावे.

हिवराचे पान ओळखण्याची एक बारीक खूण आहे. पानाच्या मुख्य दांडीवर, जिथे उपदांड्यांची जोडी फुटते तिथे वरच्या बाजूला, वाटीसारखी छोटी ग्रंथी असते. भिंगातून पाहिले तर अशा ग्रंथी दांडीवर अनेक ठिकाणी दिसतात आणि पुष्कळदा त्यांच्यापाशी मुंग्या घुटमळताना सापडतात. बाभळीच्या पानावरही ग्रंथी असतात, पण सामान्यतः थोड्या. हिवराची शेंग चपटी, अरुंद, थोडी वाकडी आणि मऊ लव असलेली असते. बाभळीची शेंग मात्र एकदा पाहिली की विसरता येत नाही: राखाडी लवेची, दोन बियांच्या मध्ये आवळलेली, ओवलेल्या मण्यांच्या माळेसारखी. वैशाख-ज्येष्ठात शेळ्यांचे कळप ज्या झाडाखाली गोळा होतात, तिथे खाली पडलेली एक शेंग उचलली तरी बाभळीचा निकाल लागतो.

पर्णिकांची मोजणी सांगण्याआधी पान कुठे सुरू होते हे स्पष्ट करायला हवे, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते. बारीक हिरवा तुकडा म्हणजे पान नव्हे, ती पर्णिका. उपदांडीही पान नव्हे. ज्या देठाच्या बगलेत कळी किंवा काट्यांची जोडी आहे, तिथून पुढचा सगळा भाग मिळून एक पान होते. असे एक पूर्ण पान तोडून आधी उपदांड्यांच्या जोड्या आणि मग मधल्या एखाद्या उपदांडीवरच्या पर्णिकांच्या जोड्या मोजाव्यात. बाभळीत उपदांड्यांच्या साधारण तीन ते आठ जोड्या, हिवरात पाच ते तेरा आणि खैरात दहापासून तीसपर्यंत जोड्या मिळतात. खैराच्या एका उपदांडीवर पर्णिकांच्या तीस-चाळीस जोड्या सहज असतात, म्हणून त्याचे पान पिसासारखे दाट आणि मऊ दिसते. वेड्या बाभळीत उपदांड्यांच्या जोड्या एक किंवा दोनच असतात, क्वचित तीन. तिच्या पर्णिका बाभळीपेक्षा लांब असतात आणि एकमेकींपासून थोडे अंतर राखून बसलेल्या असतात. शेताच्या कडेला उभे राहून गावरान बाभूळ आणि वेडी बाभूळ यांतला फरक करायचा असेल, तर एवढी एक मोजणी पुरेशी आहे. पान सकाळी मोजावे, कारण यांतल्या बऱ्याच झाडांच्या पर्णिका संध्याकाळनंतर मिटतात आणि दुष्काळी दिवसांत भर दुपारीही मिटलेल्या असतात.

हे आकडे नियम म्हणून सांगितले असले तरी ते परिस्थितीने बदलतात. शेळ्यांनी वारंवार ओरबाडलेल्या किंवा तोडून पुन्हा फुटलेल्या बाभळीच्या फोकांवर काटे बोटभर लांब आणि पाने नेहमीपेक्षा मोठी येतात. जुन्या झाडाच्या वरच्या फांद्यांवर काटे इतके लहान होतात की झाड बिनकाट्याचे वाटते. खैराच्या काही फांद्यांवर काटे नसतातच. वेड्या बाभळीतही जवळजवळ बिनकाट्याची झाडे आढळतात. म्हणून एका झाडाच्या एकाच डहाळीवरून नाव ठरवू नये. एक डहाळी खालची आणि एक फुलांची, अशा दोन तरी पाहाव्यात. फांदी तोडल्यावर आलेल्या जोमदार फुटव्यावरून तर कधीच निर्णय करू नये.

गेंद गडद पिवळा आहे, काटे सरळ आणि जोडीने आहेत, पण ओढ्याकाठचे ते झाड पुरुषभर उंचीचे झुडूपच आहे, अशी एक जागा आपल्या वर्णनात आहे. तिथे तीन शक्यता राहतात: बाभळीचे कोवळे झाड, देवबाभूळ आणि मुरमाटी. देवबाभूळ मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली, पण आपल्याकडे कुंपणांना आणि ओढ्याकाठी रुळलेली आहे. हिच्या फुलांपासून फ्रान्समध्ये ग्रास परिसरात अत्तर काढत आले आहेत. तिचा गेंद बाभळीच्या गेंदासारखाच दिसतो, म्हणून गेंदाखालचा देठ पाहावा. बाभळीत त्या देठाच्या मध्याच्या आसपास लहान छदांचे, म्हणजे फुलाखालच्या खवल्यासारख्या बारीक पानांचे, एक कडे असते आणि ते नुसत्या डोळ्यांना गाठीसारखे दिसते. देवबाभळीत हे कडे अगदी वर, गेंदाच्या बुडाला चिकटून असते आणि फुलाखाली लपते, त्यामुळे देठ गुळगुळीत वाटतो. शेंग तर निराळीच असते: आखूड, फुगीर, जवळजवळ नळीसारखी. मुरमाटी हे नावाप्रमाणे मुरमाड माळाचे झुडूप आहे. तिची पाने फार लहान असतात, काटे मात्र हस्तिदंती पांढरे, लांब आणि बुडाशी जोडलेले असतात, आणि हिवाळ्यात पाने तुरळक असताना ती पिवळ्या गेंदांनी भरते. मुरमाटी असेल तर ती जरूर राखावी. पातळ मातीच्या उतारावर ती गवताला आडोसा देते आणि आपल्या माळाची ती अस्सल रहिवासी आहे.

बाकीच्या दोघी लवकर सुटतात. सुबाभळीला काटाच नसतो, तिचे गेंद पांढरे असतात आणि चपट्या शेंगांचे घोस वर्षभर लटकत असतात. सिगमकाठी, जिला दुरंगी बाभूळही म्हणतात, तिचा तुरा अर्धा गुलाबी आणि अर्धा पिवळा असतो आणि आखूड डहाळ्यांच्या टोकाचाच काटा झालेला असतो.

नावांचाही एक घोळ इथे सांगायला हवा, कारण त्याने झाडे जातात. वनविद्येच्या जुन्या लिखाणात गावरान बाभळीच्याच एका ठेंगण्या प्रकाराला वेडी बाभूळ म्हटलेले आहे. आज मराठवाड्यात येडी किंवा वेडी बाभूळ म्हटले की अमेरिकेतून आलेली प्रोसोपिस ज्युलिफ्लोराच समजतात. मजुरांना काम सांगताना नावाने सांगू नये, झाडाला रंगाची खूण करून सांगावे. याच गावरान बाभळीचा रामकाठी हा आणखी एक प्रकार आहे. त्याच्या फांद्या झाडूप्रमाणे सरळ वर जातात आणि सावली कमी पडल्याने शेतकरी तो बांधावर आवडीने ठेवतात. त्याचे पान, फूल आणि काटा बाभळीसारखाच असतो, फरक फक्त झाडाच्या घडणीत दिसतो. शास्त्रीय नावांबाबत गोंधळू नये. २००५ साली व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर अकेशिया हे प्रजातीनाम ऑस्ट्रेलियातील झाडांकडे गेले आणि २०११ साली मेलबर्न येथे तो निर्णय कायम राहिला. त्यामुळे जुन्या पुस्तकातील अकेशिया निलोटिका, म्हणजे गावरान बाभूळ, आता व्हॅचेलिया निलोटिका, हिवर व्हॅचेलिया ल्युकोफ्लिया आणि खैर सेनेगेलिया कॅटेचू या नावाने सापडेल. ही विभागणी काट्याशीही जुळते: उपपर्णांचे सरळ काटे असलेली झाडे व्हॅचेलियात आणि खैरासारखी आकडेदार काट्यांची झाडे सेनेगेलियात आहेत.

आपण रोपवाटिकेसाठी शेळ्यांच्या वाड्यातील लेंड्यांमधून बी गोळा करणार आहात, असेही लिहिले आहे. पद्धत चांगली आहे, कारण शेळीच्या पोटातून गेलेल्या बियांचे कठीण कवच मऊ पडते आणि उगवण सुधारते. परंतु शेळ्या वेड्या बाभळीच्या गोड शेंगाही तितक्याच आवडीने खातात, आणि तेच बी त्याच वाड्यात मिसळलेले असते. बाभळीची बी मोठी, गोलसर, चपटी आणि काळपट तपकिरी असते. वेड्या बाभळीची लहान, लंबगोल आणि फिकट तपकिरी असते. निवडून घेतल्यावरही रोपे दोन-तीन पूर्ण पाने देईपर्यंत थांबावे आणि वर सांगितलेली उपदांड्यांची मोजणी करून मगच बांधावर न्यावीत. रोपाची पहिली एक-दोन पाने मोठ्या झाडाच्या पानासारखी नसतात, म्हणून त्यांवरून काही ठरवू नये. शक्य असेल तर ओळखलेल्या झाडाखालच्या शेंगाच गोळा कराव्यात, ते अधिक निर्धोक आहे.

काढण्याच्या बाबतीत घाई करू नये. वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली तर बुडख्यातून अनेक फोक फुटतात आणि पुढच्या वर्षी एका झाडाच्या जागी जाळी उभी राहते, म्हणून ती जमिनीखाली फूटभर खणून बुडख्यासह काढावी लागते. असे खणून काढलेले झाड परत येत नाही, आणि ते चुकून शमी असेल तर तीही परत येत नाही. म्हणून माझी सूचना अशी की या श्रावणापासून पुढच्या ज्येष्ठापर्यंत झाडांवर फक्त खुणा कराव्यात. श्रावण-भाद्रपदात बाभूळ आणि हिवर फुलावर असतात, खैराची फुलेही पावसाळ्यातच येतात. हिवाळ्यात मुरमाटी आणि देवबाभूळ ओळखता येते, उन्हाळ्याच्या तोंडाशी शमीचा बहर पाहता येतो, आणि वैशाखात बहुतेक शेंगा हाती येतात. ज्या झाडांचा काटा, फूल आणि शेंग तिन्ही एकाच नावाकडे बोट दाखवतात, तेवढीच वेडी बाभूळ पहिल्या वर्षी काढावी.

ज्या एक-दोन झाडांविषयी तरीही शंका राहील, त्यांचे फोटो पुन्हा पाठवताना अख्ख्या झाडाचा एक, खोडाचा एक, देठ फांदीला चिकटतो त्या पेराचा अगदी जवळून एक, पूर्ण पान कागदावर पसरून पट्टीसह एक, आणि फूल किंवा शेंग जे मिळेल त्याचा एक, असे काढावेत, आणि कोणत्या महिन्यात काढले तेही लिहावे. आपल्या पहिल्या फोटोंत पेर कुठेच दिसत नाही. ओढ्याकाठच्या त्या झुडपाचा पेराचा आणि गेंदाखालच्या देठाचा फोटो मिळाला, तर ती देवबाभूळ आहे की कोवळी बाभूळ, हे मी लगेच कळवू शकेन.